माळकरी काकांचं द्राक्षमद्य

साऱ्या परभणी जिल्ह्यात दारूविषयी सगळ्यात जास्त माहिती असलेल्या माणसाच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि त्याने जन्मात एक थेंबही घेतलेला नव्हता, हे मी कुणालाही शपथेवर सांगायला तयार आहे. ते आमचे घरमालक. मी त्यांना काका म्हणायचो. चुडाव्याजवळच्या खेड्यातून मी परभणीला शिकायला आलो होतो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे कुणी काही ठासून सांगितलं की ते खरंच असणार असं मला वाटे. काकांना असाच माणूस हवा होता. निजामाच्या अमदानीत आबकारी खात्यात कारकून म्हणून लागलेले काका निवृत्त झाल्यापासून 'परभणी प्रांतातील द्राक्षमद्याचा समग्र इतिहास' लिहीत होते, आणि माझं अक्षर बरं होतं. त्या वर्षी नामांतराच्या आंदोलनात कॉलेज आठवडा आठवडा बंद राही. पाठ्यपुस्तकापेक्षा हा इतिहासच मी जास्त लिहून काढला.

अडचण एवढीच होती, की हा इतिहास घडल्याचं कुठे दिसत नव्हतं. आमच्या भागात मोहाची होती, शिंदी होती. काका दोन्हींना 'किरकोळ बाब' म्हणत. "अरे, शिंदीच्या एकेका झाडाला सरकारी नंबर होता. मग द्राक्षाच्या वेलाला नसेल का? मिसल गहाळ झाली, बस्स!" या गहाळ मिसलीच्या, म्हणजे सरकारी फायलीच्या, शोधात ते एस.टी.ने गावोगाव हिंडत. कुठेही खापराचा तुकडा दिसला की तो मद्याच्या रांजणाचा ठरे. वालूरला एका गोठ्याबाहेर त्यांना दगडी कुंडी दिसली. त्यांनी चपला काढून तिला नमस्कारच केला. "द्राक्षं तुडवायची कुंडी!" गोठ्याचा मालक गोंधळून म्हणाला, "न्हाई हो काका, म्हशीला पेंड भिजवायलोत आमी तिच्यात. माझ्या आज्यापासून." काकांनी मला जागच्या जागी लिहायला लावलं : 'उत्तरकाळात सदर कुंडीचा वापर म्हशींसाठी होऊ लागला.' म्हशीने मान वर करून आमच्याकडे पाहिलं, ते मला अजून आठवतं.

त्यांचं नाक मात्र खरोखर अजब होतं. नोकरीभर जप्तीचा माल हुंगून ते तयार झालेलं. दही हुंगून ते विरजण किती वाजता लावलं ते सांगत. भाकरीचं पीठ, पावसात भिजलेली माझी सतरंजी, पोस्टमनची पिशवी, काहीही समोर आलं की आधी नाक पुढे जाई. काकू म्हणत, "सोयरीक बघायला आले तवा बी पोह्याची बशी हुंगून बघितली यांनी. माझ्याकडं नंतर बघितलं." हे लिखाण दारूचं आहे याची काकूंना फार लाज वाटे. माहेरी त्यांनी 'हे गीतेवर लिहायलेत' असं सांगून ठेवलं होतं.

आमच्या कॉलेजात इतिहासाचे एक सर होते. मीच भीत भीत त्यांना वही दाखवली. सरांनी ती आठवडाभर ठेवून घेतली आणि म्हणाले, "पुरावा कुठेय? इथल्या द्राक्षांचं, इथल्या उन्हात, जुन्या रीतीनं मद्य होतं एवढं तरी दाखवा. मग प्रस्तावना लिहितो." सरांच्या प्रस्तावनेशिवाय ते पुस्तक छापायला कोणीच तयार नव्हतं. काकांची इतक्या वर्षांची मेहनत आता एका बरणीवर येऊन थांबली.

लोणच्याची मोठी चिनी मातीची बरणी सात वेळा धुतली गेली. जिंतूर रस्त्यावरच्या एका मळ्यातून द्राक्षं आणली. तुडवायला पाय माझे, कारण काकांच्या मते माळकऱ्याचा पाय लागला असता तर ते तीर्थ झालं असतं. काकूंना त्यांनी 'रस मुरवायला ठेवलाय' इतकंच सांगितलं. बरणीला ओलं पोतं गुंडाळलं. काका सकाळ-संध्याकाळ फडकं उचलून हुंगत आणि डोळे मिटून म्हणत, "येतंय. वाटेवर हाय." मधे दोन दिवस ते भाच्याच्या लग्नाला गेले, आल्यावर पुन्हा हुंगलं आणि समाधानाने मान हलवली.

रविवारी सकाळी सर आले. काकांनी नवं धोतर नेसलं होतं. चाखणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून ते सरांच्या तोंडाकडे बघत बसले. सरांनी घोट घेतला. गिळावा की नाही याचा बराच विचार केला. शेवटी गिळून म्हणाले, "काका, हे खारट आहे."

मिठाला वास नसतो. एवढी एकच गोष्ट त्या नाकाच्या हाताबाहेरची होती.

दारातून काकू म्हणाल्या, "फसफसायलं होतं की वो! तुमी लग्नाला गेलेले. फसफसलेल्या लोणच्याला मीठ घालतेत तसं दोन मुठी घातलं. तुमची येवढी मेहनत वाया जाईल म्हणलं."

सर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. मला काकांकडे बघवेना. पण काकांनी हळूच विचारलं, "घालायच्या आधी चव बघितली होती?"

"बघितली की. न बघता मीठ कसं घालीन?"

"मग... कसं होतं?"

काकूंनी पदर तोंडाशी नेला. "आता काय सांगू. एक पळी घेतली. मग अजून एक घेतली. मग तिथंच भिंतीला टेकून बसले. लय हलकं वाटलं. अन माहेरचं एक गाणं म्हणलं, जात्यावरचं. पुरं म्हणलं."

एवढ्या वर्षांच्या संसारात काकांनी हे गाणं एकदाही ऐकलेलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं.

"म्हण की आता," ते म्हणाले.

"आता कुठलं? मीठ पडलं ना त्याच्यात," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

काकूंच्या गाण्याच्या आधारावर प्रस्तावना लिहिणं सरांना जमलं नाही. पुस्तक छापलं गेलं नाही. पुढे मी शिकायला दुसऱ्या गावी गेलो. उन्हाळा लागता लागता काकांचं एक पोस्टकार्ड आलं. खुशाली विचारून झाल्यावर खाली बारीक अक्षरात दोन ओळी होत्या : 'यंदा पुन्हा द्राक्षं आणली आहेत. पुस्तकासाठी नव्हे.'