मोठ्यानं वाच

“ही पोरगी मुकी हाय का काय?”

विमानाच्या पोटाखालून आलेला हा प्रश्न मी कपाटामागून ऐकला. माझ्या नोकरीचा तो पहिलाच दिवस होता. विमानाचे मालक, दादा, हसून म्हणाले, “आवं काका, इंग्लिश मीडियमची हाय. लिहिते झकास.”

“लिवून नट आवळत्यात व्हय?” काका म्हणाले.

दादा सांगलीजवळच्या ऊसवाल्या घरातले. हौसेनं त्यांनी चार जणांचं एक जुनं विमान घेतलं होतं, पण दुरुस्तीचं पुस्तक आणि सुट्या भागांचा कॅटलॉग त्यासोबत आलाच नव्हता. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. ती पुस्तकं शोधण्यासाठी मला ठेवलं होतं. काका मेढ्याचे. फौजेत विमानांची दुरुस्ती करून निवृत्त झालेले. पुस्तक समोर उघडं असल्याशिवाय ते साध्या स्क्रूलाही हात लावत नसत. धावपट्टीच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये विमान नुसतं उभं होतं, आणि दादा वैतागले होते.

“काका, एवढी वर्षं काढलीत या कामात. अंदाजानं करा की!”

“अंदाज उसाला चालतो दादा. इमानाला न्हाई.”

काकांचा दुसरा नियम माझ्या जिवावर यायचा. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ते परत म्हणायचं आणि मगच पाना फिरवायचा. विमानाचं पुस्तक मिळेपर्यंत त्यांनी शेडमधल्या कॉम्प्रेसरची माहितीपुस्तिका माझ्याकडून वाचून घेतली. मी पुटपुटले की ते कानावर हात धरत. “आवाज पुस्तकातच ऱ्हायला बघ. भाईर काढ त्याला.”

मी जगभर ईमेल पाठवत राहिले. फोन करायची वेळ आली की मात्र माझ्या मोबाईलची रेंज जायची. शेवटी इंटरनेटवर दुरुस्तीच्या पुस्तकाची एक प्रत सापडली. सांगलीत विश्रामबागेत ती छापून, बांधून घेतली. खंडेनवमीला पान्यांसोबत तिचीही पूजा झाली. दसऱ्याला दादांचे सगळे नातेवाईक पेढे घेऊन हजर. काकांनी पाना उचलला आणि मी हळदीकुंकवाचं बोट लागलेलं पान उघडलं.

पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. ते पुस्तक कंपनीनं बनवलेल्या कुठल्या क्रमांकापासूनच्या विमानांसाठी आहे, ते तिथे लिहिलं होतं. आमच्या विमानाच्या शेपटीवरच्या पट्टीवरचा क्रमांक त्याहून आधीचा होता. एवढ्या माणसांसमोर तोंड उघडेना. मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि पुस्तक काकांच्या नाकासमोर धरलं.

त्यांनी चष्मा लावला. शेपटीपाशी जाऊन आले. पाना खाली ठेवला. “दादा, दुसऱ्याचाच देव पुजलाय आपण!” पाहुणे हसले, दादांचं तोंड उतरलं. पेढे मात्र संपले.

सगळे गेल्यावर काका माझ्याजवळ आले. “आज बोटानं भागलं. माझी पाठ तुझ्याकडं असती तर?”



आमच्यासारखंच विमान असलेल्या एका परदेशी आजोबांनी पुढे आम्हाला हवी ती दोन्ही पुस्तकं एकेक पान स्कॅन करून पाठवली. या वेळी काकांनी मला आधी क्रमांक वाचायला लावला. तोही तीनदा. मग म्हणाले, “त्यास्नी सांगलीची हळद धाड. लय मोठं काम केलं म्हाताऱ्यानं.” हळद गेली. पुस्तकाबरहुकूम दुरुस्ती पुरी झाली. विमान उडालं, दोन फेऱ्या मारून नीट खाली आलं. तेव्हा कुठे काका खुर्चीत बसले. “सुटलो,” म्हणाले. मलाही पोटभर श्वास घेता आला.

काका आता मेढ्याला शेती बघतात. जाताना त्यांनी मला नुसतं विचारलं, “वाचशील न्हवं?” मी मान हलवली. “मान दिसत न्हाई इंजिनाखालनं,” ते म्हणाले आणि गाडीत बसले.

त्यांच्या जागी आलेले मेकॅनिक हुशार आणि भलतेच चपळ. पहिल्याच सकाळी ते पाना घेऊन थेट इंजिनात वाकले. पाठ माझ्याकडे. पुस्तक कपाटात. दादा चहा पीत उभे. मी पुस्तक काढलं, बोट ठेवायची सवयीची जागा शोधली आणि लक्षात आलं, की इथून कुणालाच माझं बोट दिसणार नाही.

“थांबा!” शेडचा पत्रा घुमला. “आधी मी वाचते. तुम्ही परत म्हणा. मग फिरवा.”