एकटीपुरत्या तीन भाकऱ्या

मुलगी नर्सिंगला साताऱ्याला गेली आणि त्याच महिन्यात नवरा सुट्टी संपवून तामिळनाडूला परतला. विट्याच्या एका नातेवाइकाचं तिकडं सोनं गाळायचं दुकान आहे. तिथं तो अकरा वर्षं भट्टीवर काम करतोय. सोन्याचं दुकान म्हटलं की गावाला वाटतं, आमच्या घरात डबे भरून सोनं असणार. माझ्या गळ्यात काळे मणी आणि दोन वाट्या, एवढंच होतं. सासूबाई आदल्या वर्षी वारल्या. पलूसजवळच्या आमच्या घरात वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा एकटी राहिले.

दुपारी तर घर खायला उठायचं. म्हणून मी द्राक्षबागेच्या कामाला जायला लागले. मुलीच्या हॉस्टेलच्या खर्चाला हातभार लागेल, असं नवऱ्याला सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं. आमच्या गल्लीतल्या बायका असलेली टोळी, त्या घरचं विचारत बसतील म्हणून, मी मुद्दाम टाळली आणि शेजारच्या वाडीच्या टोळीत नाव दिलं. सकाळी सातला टेम्पो फाट्यावर यायचा.

ते दिवस घडांच्या विरळणीचे होते. मांडवाखाली उभं राहायचं, मान वर, दोन्ही हात डोक्याच्या वर, आणि बारीक कात्रीनं घडातले दाटीचे मणी कापायचे. काम बघायला हलकं वाटतं. तासाभरानं खांद्यात मुंग्या येतात, दुपारपर्यंत हात आपले वाटत नाहीत.

आणि मी खात होते काय? सकाळी चहा. डब्यात दोन पातळ चपात्या आणि लोणचं. संध्याकाळी परत चहा, त्यात दोन-तीन खारी. घरात माणसं होती तेव्हा पहाटे उठून परातभर पीठ मळणारी बाई मी, पण एकटीसाठी चूल पेटवायला हात उठत नव्हता. वाटीभर तांदूळ धुवायला घेतले की वाटायचं, कुणासाठी? मग ते तसेच डब्यात परत टाकायचे. नवऱ्याचा फोन आला की तो विचारायचा, "जेवलीस?" मी म्हणायचे, "व्हय, जेवले की." मीही विचारायचे, तोही व्हय म्हणायचा.

दुपारच्या सुट्टीत बायका बांधावर गोल करून बसायच्या. मी जरा पलीकडं, पाण्याच्या टाकीच्या सावलीला. मला माझा डबा दाखवायची लाज वाटायची. त्यांना वाटायचं, सोन्याच्या दुकानवाल्याची बायको म्हणून मी तोऱ्यात आहे. एकदा कुणीतरी हळूच तसं म्हटलेलं माझ्या कानावर आलं. दुसऱ्या दिवशी आणखी लांब बसले.

तिसऱ्या आठवड्यात बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या. कात्री धरलेला हात थरथरायचा. एका सकाळी मी मणी कापता कापता अख्खा घडच देठापासून कापला. बागमालक मागंच उभा होता. "आवं, बघून कापा की!" तो म्हणाला. मी मान खाली घातली, पुन्हा वर केली, आणि डोळ्यांसमोर अंधार आला. पुढचं आठवतं ते ओल्या मातीचा गारवा आणि कुणाचा तरी खरबरीत हात कपाळावर.

तो टोळीतल्या सगळ्यात वयस्क बाईचा हात होता. सगळ्या तिला मावशी म्हणायच्या. तिनं मला पाणी पाजलं आणि कुणालाही न विचारता माझी पिशवी उघडून डबा काढला.

"हे तुझं दिवसभराचं?"

"भूकच न्हाई लागत, मावशी."

"भूक न्हाई लागत! हात वर करून दिवसभर हुबी ऱ्हातीस, आन खातीस पाव्हणीवाणी." मग तिनं बाकीच्यांना हाक मारली. कुणी भाकरीचा चतकोर दिला, कुणी मटकीची उसळ, कुणी कांदा फोडून दिला. मावशीनं शेंगदाण्याच्या चटणीवर कच्चं तेल ओतलं आणि कडेला गुळाचा खडा ठेवला. मी खायला लागले आणि थांबताच येईना. कुणी हसलं नाही. उरलेला वेळ मावशीनं मला सावलीला बसवून ठेवलं आणि माझी ओळ दुसऱ्या दोघींनी वाटून घेतली.

टेम्पोत ती माझ्या शेजारी बसली. "घरातनं निघताना पोटात भाकरी पायजे, च्या न्हवं. ज्वारी हाय, शेंगदाणं हाय, गूळ हाय, ह्याला काय लय खरच येत न्हाई. राती हरभरं भिजत टाक, सकाळी मूठभर खा. तेलाला भिऊ नगं."

"एकटीसाठी करू वाटत न्हाई," मी म्हटलं. हे मी कुणाला पहिल्यांदाच सांगत होते.

मावशीनं डब्याची पिशवी मांडीवर घेतली. "मलाबी न्हाई वाटत," ती म्हणाली. "एकटी ऱ्हाऊन धा वरसं झाली. तरी करायचं."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला उठून मी तीन भाकऱ्या थापल्या. दोन डब्यात घातल्या, एक दुधात गूळ घालून कुस्करली. पहिला घास तोंडातच फिरत राहिला. समोरची भिंत, फळीवरची भांडी, माझ्याच चावण्याचा आवाज. अर्धी भाकरी तशीच ठेवून मी नवऱ्याला फोन लावला.

"एवढ्या सकाळी? काय झालं गं?"

"काय न्हाई. जेवताय का?"

तो म्हणाला, "आमी सकाळी कवा जेवतोय. च्या-बन खाऊन भट्टीवर बसायचं, दुपारी भात." भट्टीच्या धगीपुढं अकरा वर्षं तो असाच बसत होता, आणि मला ठाऊक नव्हतं.

मी त्याला रागावले. स्वतःचं चक्कर येणंही सांगून टाकलं. त्यानंतर रोज सहाला आम्ही फोन लावून खायला बसायचो. तो अंडी उकडायचा, सोबत पाव. बोलणं फार नसायचं. तो म्हणायचा, "मीठ कमी पडलं," मी म्हणायचे, "हं." महिनाभर असं चाललं. मग लग्नसराई आली, दुकान पहाटेच उघडायला लागलं, फोन बंद झाला. पहिले दोन दिवस मी फोन समोर ठेवून बसले. तिसऱ्या दिवशी तो आत ठेवला आणि सगळी भाकरी खाल्ली.

हात भरले, कात्री स्थिर झाली. दुपारी मी बायकांच्या गोलात बसायला लागले. त्या आपल्या सुना-नातवंडांचं बोलायच्या, मी ऐकायचे. तोऱ्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही, पण मैत्रीण म्हणावी अशीही कुणी झाली नाही. द्राक्षांचा माल उतरला आणि मावशी गुडघ्याच्या दुखण्यानं लेकीकडं राहायला गेली. तिचा फोन नंबर घ्यायचा राहून गेला.

गावच्या यात्रेला नवरा चार दिवस आला. गालफडं बसली होती त्याची. आम्ही समोरासमोर जेवायला बसलो. मी तिसरी भाकरी घेतल्यावर तो माझ्या ताटाकडं बघत म्हणाला, "लय खायला लागलीस की गं."

मला ते लागलं. त्यानं चेष्टेनं म्हटलं होतं, तरी लागलं.

"काम लय करते," मी म्हटलं.

जरा वेळानं त्यानं स्वतःसाठी आणखी एक भाकरी मागून घेतली. जाताना मी त्याला दोन किलो शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि विट्याच्या स्टँडवर सोडायला गेले. गाडी सुटेपर्यंत तो खिडकीतून मला मुलीच्या परीक्षेचं विचारत होता. त्याची गाडी गेल्यावर मी परतीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले. भूक लागली होती. स्टँडसमोरच्या गाड्यावरून दोन वडापाव घेतले आणि तिथंच, कुणाकडं न बघता, सावकाश खाल्ले.