दिवाकरमामांची छाटणी

माझे मामा दिवाकर लघाटे इंदूरच्या एका कापडाच्या मिलमध्ये टाइम ऑफिसचे बडे बाबू होते. भोंगा झाल्यावर फाटकातून कोण आत आलं, कोण उशिरा आलं आणि कोण आलंच नाही, हे ठरवणं त्यांचं काम. लग्नकार्यातसुद्धा ते मांडवाच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्याकडे आणि मनगटावरच्या घड्याळाकडे आळीपाळीने बघत. त्यामुळे आमच्याकडचे लोक कार्याला वेळेवर येत आणि मामांपासून लांब बसत.

कुटुंबाचे फोटो काढायचं कामही त्यांच्याकडेच होतं. मिलचे दिवस बरे होते तेव्हा त्यांनी एक जाडजूड कॅमेरा घेतला होता. चामड्याच्या पेटीत, पेटी कपाटात आणि कपाटाची किल्ली जानव्याला. रोल महाग, धुलाई महाग, म्हणून एका प्रसंगाला एकच फोटो असा नियम. मुलाची, आशिषची, मुंज, ओंकारेश्वरची सहल आणि धाकट्या मुलीचा, निधीचा, पहिला वाढदिवस, हे सगळं त्यांनी एकाच रोलमध्ये बसवलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

फोटोच्या आधी मामा सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं करत. "बिल्कुल हिलू नका रे!" असं ओरडत आणि मग इतका वेळ नेम धरत की लहान मुलं रडायला लागत. लघाट्यांच्या आल्बममध्ये हसणारा माणूस शोधून सापडत नाही. बाहेरच्या कुणी तो पाहिला तर त्याला वाटेल, या घरातल्या प्रत्येकाला कधी ना कधी पोलीस ठाण्यात नेऊन आणलंय.

मग मिल बंद पडली. एकदम नाही पडली. आधी रात्रपाळी बंद झाली, मग विणाईचे अर्धे साचे थांबले, मग फाटकावर कामगारांच्या छाटणीच्या नोटिसा लागू लागल्या. मामा इतरांबरोबर फाटकासमोर सतरंजीवर धरण्याला बसले. "छँटनी बंद करो" असं त्यांनी बाबूला शोभेल इतपत मोठ्याने म्हटलं. शेवटी एका सकाळी भोंगा वाजलाच नाही, आणि त्या दिवशी आजूबाजूच्या मोहल्ल्यांतले, मिलशी काही संबंध नसलेले लोकही उशिरा उठले.

आशिष तेव्हा विजय नगरच्या एका काचेच्या इमारतीत बसून लोकांना फोनवर क्रेडिट कार्ड घ्यायचा आग्रह करायचा. वडिलांची मिल बंद झाली त्याच सुमारास त्याला टीम लीडर केलं. पेढे वाटावेत की नाही, हे उषामामींना कळेना. त्यांनी पेढे आणले आणि घरातल्या घरात खाऊन टाकले.

मामा तरीही सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार व्हायचे आणि रामबागेतल्या घराच्या ओसरीत खुर्ची टाकून बसायचे. हजेरी घ्यायला माणसं हवीत, म्हणून घरातली धरली.

"उषा, चहा लेट आहे."

"पगार कापून घ्या," मामी आतून म्हणायच्या.

असं वर्षभर चाललं. मग धनत्रयोदशीला आशिषने जेल रोडवरून एक डिजिटल कॅमेरा आणला. साबणाच्या वडीएवढा, चंदेरी.

मामांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "रोल कुठून घालायचा?"

"रोल नाहीच बाबा. आत कार्ड आहे."

"आणि धुवायला कुठे देतोस?"

"धुवायचं नाही. काढला की इथेच मागे दिसतो. बघा." आशिषने मामांचाच फोटो काढला आणि पडदा त्यांच्यासमोर धरला.

मामा बराच वेळ बघत राहिले. "हा कोण आहे?"

"तुम्हीच."

"मी असा नाही दिसत. लेन्स खराब दिली तुला. बिल आहे ना?"

"लेन्स चांगली आहे बाबा. फोटो नाही आवडला ना, मग हे बटन दाबा." बटनावर कचऱ्याच्या डब्याचं चित्र होतं. मामांनी दाबलं. पडद्यावरचे पांढऱ्या केसांचे, गाल ओघळलेले गृहस्थ नाहीसे झाले.

"गेला?"

"गेला."

"कुठे गेला?"

"कुठेच नाही. म्हणजे, संपला."

मामांच्या चेहऱ्यावर मिल बंद झाल्यानंतर पहिल्यांदाच कामावर असल्याची कळा आली.

त्या दिवाळीत आम्हाला लवकरच कळलं की जुना कॅमेरा किती दयाळू होता. त्यात एकदाच उभं राहावं लागायचं. आता मामा फोटो काढायचे, पडदा डोळ्यांजवळ न्यायचे आणि म्हणायचे, "नाही जमलं. परत." फुलबाजी परत लावा, पायावर परत डोकं ठेवा, चकली परत तोंडाजवळ न्या. निधीने रांगोळी काढली, तर रांगोळी झाल्यावर मामांनी तिला ती काढत असल्यासारखं बसवलं आणि उजेड बरा नाही म्हणून अर्धी पुसून पुन्हा काढायला लावली.

भाऊबीजेला मी आईला घेऊन गेलो. माझी आई शशिकला ही मामांची थोरली बहीण, शाळेत मास्तरीण होती. ताटात निरांजन, सुपारी, अंगठी. कॅमेरा आशिषच्या हातात होता आणि हुकूम पाटावरून मामांचे. आईने ओवाळलं. मामांनी कॅमेरा मागून घेतला, पाहिलं आणि परत दिला.

"ताई, परत ओवाळ. ताट जरा तिरपं धर."

आईने परत ओवाळलं. मग कुंकू परत लावायला लावलं, मग हात वर थांबवून ठेवायला. निरांजनातलं तूप संपलं, मामींनी घातलं, तेही संपत आलं. मामांच्या कपाळावर कुंकवाचा थर देवळाबाहेरच्या दगडासारखा चढला होता. आईचा हात दुखायला लागला तेव्हा ती म्हणाली, "दिवाकर, तुझी मिल बरी होती रे. तिथे निदान दिवाळीची सुट्टी मिळायची."

सगळे हसले. आशिषही हसला. मामा हसले नाहीत.

संध्याकाळी कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडून आम्हाला फोटो दाखवण्यात आले. भाऊबीजेचा एकच फोटो होता. त्यात ताट होतं, निरांजन होतं आणि ताट धरलेला एक हात होता. बांगड्यांवरून तो आईचा आहे हे ओळखू येत होतं.

"बाकीचे कुठे गेले?" आईने विचारलं.

"डोळे मिटले होते तुझे. म्हणून काढून टाकले."

"सगळ्यांत?"

"सगळ्यांत."

आईने टीव्हीवरच्या स्वतःच्या हाताकडे पाहिलं, पर्स उचलली आणि मला म्हणाली, "समीर, स्कूटर काढ." ती मामांशी पुढे दोन-तीन महिने बोलली नाही.

त्यानंतर मामांचा हात मोकळाच झाला. शेजारच्यांनी पेपर उशिरा परत केला, ते सत्यनारायणाच्या फोटोंतून गेले. निधीच्या ठरत असलेल्या सासरबद्दल वाकडं बोललेला चुलतभाऊ गेला. आणि स्वतःचा फोटो तर ते एकही ठेवत नसत. कुणी हौसेने काढलाच, तर दुसऱ्या मिनिटाला त्याची विल्हेवाट लागे.

जानेवारीत निधीचा साखरपुडा झाला. मुलगा नीरज मूळचा पुण्याचा, पीथमपूरच्या कारखान्यात इंजिनियर. त्याच्या घरची मंडळी पुण्याहून आली. त्यांत त्याच्या सुमेधाकाकू होत्या. नीरजची आई लवकर गेली, तेव्हा त्याला यांनीच वाढवलं होतं. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांची चौकशी केली, मामींच्या हातचे पोहे दोनदा घेतले आणि पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याची पुडी पुण्याला न्यायला मागून घेतली. माझी आईही आली होती, पण खांबाच्या आड बसली.

फोटोग्राफर बोलावला नव्हता. "घरात डिजिटल आहे," मामांनी सांगितलं होतं.

अंगठी घालण्याचा मुहूर्त होऊन गेला तरी मामांच्या मनासारखी अंगठी घातली जाईना. नीरज घालायचा, मामा पडदा बघायचे, नीरज काढायचा. गुरुजींनी दुसरीकडे जायचं आहे असं दोनदा सुचवलं. शेवटी मामांनी काकूंकडे बोट केलं. "तुम्ही हिलल्या हो. तुमच्यामुळे परत घ्यावा लागेल."

"हललात," काकू म्हणाल्या.

"अं?"

"हललात म्हणायचं. हिलल्या नाही. आणि मी हललेलेच नाही." काकूंनी हे अगदी प्रेमाने सांगितलं. पुण्याची बाई, राहवलं नसेल.

मामा पडद्यात बघत राहिले.

आठवड्याने आशिषने सगळे फोटो सीडीवर घालून पुण्याला पाठवले. आणखी काही दिवसांनी नीरजच्या वडिलांचा, अप्पासाहेबांचा, फोन आला. मामी बोलत होत्या. मी योगायोगाने तिथेच होतो, त्यामुळे अर्धं संभाषण ऐकलं.

"हो, मिळाली ना? छान… काय म्हणालात?… असं कसं होईल?… नाही हो, त्या तर सारख्या पुढेच होत्या… एकाही फोटोत नाही?… नाही नाही, तसं काही नाही आमच्या मनात… हो, मी विचारते."

मामींनी फोन ठेवला. ओसरीत येऊन मामांसमोर उभ्या राहिल्या. "पुण्याचे विचारतायत, आमच्या सुमेधावहिनी साखरपुड्याला आल्या होत्या की नाही. त्या जेवल्या नाहीत दोन दिवस. तुम्हाला त्या पसंत नाहीत असा अर्थ काढलाय त्यांनी."

"फोटो खराब होते," मामा म्हणाले. "क्वालिटी राखायची म्हटलं तर छाटणी करावीच लागते."

हा शब्द तोंडातून गेल्यावर ते स्वतःच जरा थांबले. पण मामी थांबल्या नाहीत.

"मिलवाल्यांनी निदान फाटकावर नोटीस तरी लावली होती. तुम्ही ताईंना तेवढंही नाही सांगितलं. टीव्हीवर हात बघून कळलं त्यांना."

मामी पहिल्यांदा एवढं बोलल्या असं नाही, त्या रोजच बोलायच्या. पण या वेळी मामा उठून चपला शोधायला लागले.

त्याच दिवशी मामा एकटे आमच्याकडे आले. कॅमेरा आणला नव्हता. आईने दार उघडलं आणि घड्याळाकडे बघून म्हणाली, "ये. लेट आहेस." दोघं आत जाऊन बसली. काय बोलणं झालं ते आईने मला सांगितलं नाही. मामा गेले तेव्हा बशीत चार चकल्या होत्या त्यातल्या तीन संपल्या होत्या, एवढं मी पाहिलं.

पुढच्याच महिन्यात सुमेधाकाकू उज्जैनच्या दर्शनाला आल्या. मामींनी त्यांना जेवायला बोलावलं आणि मामांना सांगितलं, "यांचे फोटो काढायचे. त्या म्हणतील तितके. डब्याचं बटन त्यांनी सांगितल्याशिवाय दाबायचं नाही."

काकू नवी पैठणी नेसून कोचावर बसल्या. मामांनी फोटो काढला आणि पडदा त्यांच्यासमोर धरला.

"यात हनुवटी दोन दिसतात. काढून टाका."

मामांनी दुसरा काढला.

"इथे मागे तुमचं गॅसचं सिलिंडर आलंय."

सिलिंडर हलवलं. मग काकूंना निधीबरोबर हवा होता, मग माझ्या आईबरोबर, मग तुळशीपाशी, मग तुळशीपाशीच पण उन्हाकडे पाठ करून. मामा वाकत होते, गुडघ्यावर बसत होते, कपाळ पुसत होते. एकदा त्यांच्या तोंडून निघालं, "बिल्कुल हलू नका," आणि काकू इतक्या खूश झाल्या की त्याच क्षणी हसल्या. तो फोटो मात्र त्यांनी ठेवायला लावला. त्यात दातही दिसतात, सिलिंडरही दिसतं.

जेवणं झाली. काकू गेल्या. मामा दमून ओसरीतल्या खुर्चीत पडले आणि तिथेच झोपले, तोंड उघडं, बनियन वर सरकलेलं, कॅमेरा पोटावर. मामींनी तो हळूच उचलला आणि फोटो काढला. मग निधीने त्यांना एक बटन दाखवलं, त्यावर किल्लीचं चित्र होतं. ते दाबलं की फोटोला कुलूप लागतं.

दुसऱ्या दिवशी मामांनी तो फोटो पाहिला आणि कचऱ्याच्या डब्याचं बटन दाबलं. पडद्यावर किल्ली आली. फोटो जागच्या जागी. त्यांनी पुष्कळदा दाबलं. आशिषला विचारलं, आशिष म्हणाला, "कंपनीचा फॉल्ट असेल." निधी हसत पळून गेली. शेवटी मला फोन आला. "समीर, तू तर इंजिनियर आहेस. हे काय आहे?"

मामींनी मला आधीच दम दिला होता. "मामा, एकच उपाय आहे. पूर्ण कार्ड पुसावं लागेल. पण मग साखरपुडाही जाईल. काकूपण जातील."

फोनवर बटन आणखी दोनदा दाबल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "राहू दे."

मामींनी तो फोटो जेल रोडवर नेऊन मोठा करून आणला. आईने पाहिला तेव्हा मामा घाईने म्हणाले, "ताई, खराब आलाय तो."

"चांगला आलाय," आई म्हणाली. "आपले बाबा दुपारचे असेच झोपायचे."

मामांनी चष्मा लावून तो पुन्हा पाहिला आणि या वेळी हा कोण आहे असं विचारलं नाही.

मे महिन्यात निधीचं लग्न झालं. मामींनी रामबागेतलाच एक फोटोग्राफर ठरवला, तो आपला माणूस आणि आपले दिवे घेऊन आला. मामा पहिल्याच पंगतीला बसले. माझी आई वाढत होती. त्यांनी दोनदा मठ्ठा मागून घेतला, आणि तिसऱ्यांदा तिने न मागताच वाढला.