चौथं अक्षर

हळदकुंकू लावलेले तांदूळ अजून ओलसर असतात तेव्हा त्यांना एक वेगळाच वास येतो. थोडा देवघराचा, थोडा पेरणीच्या दिवसांतल्या मातीचा, आणि थोडा ज्या हातांनी ते कालवले त्या हातांचा. माघ सरत आला होता. समता कॉलनीतल्या मंगल कार्यालयाच्या गच्चीवर, कोवळ्या उन्हात, मोठ्या परातींमधून अक्षता वाळत घातल्या होत्या आणि सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी बारीक काळी धूळ त्यांच्यावर बसू नये म्हणून माझी बायको मालती त्यांच्यावर जुनं सुती पातळ पांघरत होती. आमच्या एकुलत्या मुलीचं, ईशाचं, लग्न दोन तासांवर येऊन ठेपलं होतं. माझ्या झब्ब्याच्या खिशात जाड, गुळगुळीत कागदावर माझ्या हातानं लिहिलेली मंगलाष्टकं होती आणि ती जागेवर आहेत ना, हे मी उगीचच पुन्हा पुन्हा चाचपून पाहत होतो.

रायपुरातल्या आम्हा विदर्भाकडच्या मराठी घरांत मंगलाष्टकं म्हटलं की गेली तीस वर्षं माझंच नाव निघत आलं होतं. पोटापाण्यासाठी रेल्वेच्या कचेरीत फायली हाताळल्या, पण माझी खरी प्रतिष्ठा शार्दूलविक्रीडितात होती. लग्न ठरलं की मुलीचे वडील एक चिठ्ठी घेऊन घरी येत. तिच्यावर वधूवरांची नावं, आईवडील, आजोबा, मामा, कुलदैवत. चहा होई, आणि चार दिवसांत मी प्रत्येक ओळीत एकोणीस अक्षरं, लघुगुरू आपापल्या जागी, बाराव्या अक्षरापाशी श्वासाला विसावा, अशी आठ कडवी त्यांच्या हाती देई. बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजण्याची माझी लकब साऱ्या मराठी मंडळींत ठाऊक होती. आपल्याशिवाय या गावात कुणाचं लग्न लागत नाही, असा एक गोड गैरसमज मी मनात जपून ठेवला होता, आणि खरं सांगायचं तर तो कुणी दूर करू नये अशीच माझी इच्छा होती.

अंतरपाट धरला गेला. माझी मंगलाष्टकं मी स्वतःच म्हटली. आवाज लागला होता, एकही अक्षर हललं नाही. पण समोरच्या खुर्च्यांवर बायका एकमेकींच्या साड्यांचे काठ पाहत होत्या, मांडवाच्या कडेला जेवणाच्या पंगतीची चौकशी चालली होती, आणि माझ्या पाचव्या कडव्याला नागपूरहून आलेले ईशाचे एक मामेसासरे मनमोकळी जांभई देत होते. त्यात वावगं काही नव्हतं. मंगलाष्टकं अशीच ऐकायची असतात, अक्षता मुठीत धरून, अर्ध्या लक्षानं, असं मी मनाला समजावलं.

मग वधूमामा पुढे झाला. आपल्याकडे मामा नवरीच्या पाठीशी उभा राहतो. ईशाचा मामा म्हणजे माझा मेहुणा दिलीप, सिलतऱ्यातल्या एका कारखान्यात पाळीवर काम करणारा, ज्याच्या तोंडी एका वाक्यात मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी तिन्ही सुखानं नांदतात, आणि ज्याच्या मराठीची मी गेली पंचवीस वर्षं सासुरवाडीत यथेच्छ थट्टा केली आहे. त्यानं खिशातून कागद नाही, फोन काढला. पडद्यावरून वाचत, किंचित बेसूर, त्यानं मंगलाष्टकं सुरू केली. आणि दुसऱ्या ओळीला सभागृहातली कुजबूज थांबली.

त्या कडव्यांत ईशा होती. पावसात भिजलेली वही इस्त्रीनं वाळवणारी, आईच्या बांगड्या मोजत झोपी जाणारी, परीक्षेच्या आदल्या दिवशी शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली म्हणून अभ्यास सोडून बसलेली. यातलं निम्मं मलाच माहीत नव्हतं. बायका पदरानं डोळे टिपू लागल्या, जांभई देणारे मामेसासरे खुर्चीत पुढे सरकले, आणि ईशाच्या मैत्रिणींचे फोन एकामागून एक वर झाले. हे सगळं फोनमधल्या एआयच्या अॅपनं लिहून दिलंय, असं दिलीपनं आदल्या दिवशी मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं आणि मी मोठ्यानं हसलो होतो. आता मला हेवा वाटत होता. आपल्या मुलीच्या लग्नात, हातात अक्षता घेऊन उभ्या असलेल्या बापाला एका यंत्राचा हेवा वाटत होता, आणि ती भावना इतकी स्पष्ट होती की तिला दुसरं सभ्य नाव देणं मला जमलं नाही.

मी शालीखाली हात घेतला आणि मोजू लागलो. चूक सापडायलाच हवी होती. पहिलं कडवं निर्दोष. दुसरं निर्दोष. यंत्रानं बाराव्या अक्षरावरचा यती सांभाळला होता, गण सांभाळले होते, दुष्ट माणसासारखं सगळं सांभाळलं होतं. मालतीनं कोपरानं ढोसलं.

"काय चालून राहिलं तुमचं? पोट्टीचं लग्न लागून राहिलं, अन् तुम्ही बोटं काहून मोजून राहिले?"

मी तिच्याकडे पाहिलंही नाही, कारण त्याच क्षणी मला ती ओळ सापडली होती. 'वर्गाबाहेर रोज दूर लपुनी बाबा उभे राहिले.' चौथं अक्षर! तिथे लघु हवा, आणि 'बाहेर'मधला 'हे' खुशाल गुरू होऊन बसला होता. मला जो आनंद झाला तो सांगायची लाज वाटते. शाळेच्या वर्गाबाहेर कुठला बाप कधी उभा राहिलेला नसतो? कुठल्याही बापाच्या अंगाला यावं असं ते मापाशिवाय शिवलेलं वाक्य होतं, आणि वर लंगडं. 'सावधान' झालं, अक्षता उडाल्या, वाजंत्री वाजली, आणि मी अगदी तृप्त मनानं लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या.

तृप्ती आठवडाभरही टिकली नाही. कुणीतरी त्या मंगलाष्टकांची रील केली होती. मागे सनई, पुढे अंतरपाटावरून दिसणारे ईशाचे भरलेले डोळे. ती भिलाईला पोचली, अमरावतीला पोचली, मग जिथे आमचं कुणी नाही अशा गावांनाही पोचली. पूर्वी माझी मंगलाष्टकं लोक देवघरात पोथीखाली जपून ठेवत, आणि एवढ्यावर मी कीर्तिमान समजला जात असे. इथे मी आंघोळ करून येईपर्यंत चार अनोळखी माणसं हृदयाची चिन्हं पाठवून मोकळी झालेली असत. मी ती रील किती वेळा पाहिली कुणास ठाऊक. फाल्गुनाचं ऊन खिडकीतून आत येई, कॉलनीच्या वळणावरचा पळस पेटल्यागत फुललेला, आणि मी चष्मा सारखा करत दर वेळी खालचा आकडा किती वाढला ते पाही. तीस वर्षं ज्यांच्या घरी मी कडवी लिहून दिली, त्यातले एक गृहस्थ फोनवर म्हणाले, आता नातवाच्या लग्नाला तुमच्या मेहुण्यालाच सांगू म्हणतो. हसत म्हणाले. मीही हसलो आणि फोन ठेवला.

त्या दुपारी मी ते केलं. आमच्या साऱ्या नातेवाइकांचा एक ग्रुप आहे. सकाळी फुलं, सणाला शुभेच्छा, कुणी गेलं की हात जोडलेले. तिथे रील पुन्हा एकदा आली आणि तिच्याखाली कौतुकाची रांग लागली. मी पाणिनीच्या थाटात बोट चालवलं: ओळ कानाला गोड आहे, परंतु 'वर्गाबाहेर'मध्ये चौथं अक्षर गुरू पडलं आहे, तिथे लघु अपेक्षित. यंत्राला छंद उमगायला अजून अवकाश दिसतो. शेवटी एक हसरा चेहराही टाकला, म्हणजे मनात काही नाही असं दिसावं.

रांग तिथेच थांबली. बऱ्याच वेळानं फक्त एक उत्तर आलं, ईशा राहते त्या बंगळुरूहून, तिचंच. शब्द नव्हते, नुसता वर केलेला अंगठा.

तिसऱ्या प्रहरी दिलीपचा फोन आला. मागे कारखान्याचा धडधडाट होता, तो आवाज चढवून बोलत होता.

"भाऊजी, काहून लिहिलं तुम्ही तसं?"

मी म्हटलं, चूक ती चूक, त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे.

"हव, बाकी सगळं मशीनचं हाय, मी मानतो. पर ते एक ओळ मशीनची नाही ना! मशीननं बापावर वडाच्या झाडाचं कायतरी लिहून देल्लं होतं. पोट्टीनं पाह्यलं अन् बोलली, 'मामा, ये बाबा नहीं हैं.' मंग तिनं सोता गुणगुणून गुणगुणून ते ओळ बनवली. अर्धा घंटा लागला तिले."

तोच पुढे म्हणाला, "अन् शाळा नाही भाऊजी. शंकर नगरचा क्लास."

ईशा अकरावी-बारावीत होती तेव्हा शंकर नगरात संध्याकाळच्या क्लासला जात असे. मैत्रिणी हसतात, तुम्ही घ्यायला येऊ नका, असं तिनं बजावलं होतं, आणि मी मान डोलावली होती. तरी दोन वर्षं, कचेरी सुटल्यावर, त्या रस्त्यावरच्या रसवंतीच्या आडोशाला मी वर्तमानपत्र उघडून उभा राहत असे. उसाच्या चोयट्यांचा आंबूस वास, घुंगरांचा आवाज, दिवे लागताना रस्त्यावर पसरणारा पिवळट उजेड. मग ती सायकलवर पुढे आणि मी स्कूटर हळू ठेवून पुष्कळ मागे, घराच्या वळणापर्यंत. हे मी मालतीलाही सांगितलं नव्हतं. मला वाटे, ते फक्त माझं आहे. ईशाला सगळं दिसत होतं, आणि ती रोज ओळख न दाखवता पुढे निघून जात होती, बहुधा माझा मान राखण्यासाठी.

"दोन घंटे बोलली माझ्यासंग व्हिडिओवर," दिलीप सांगत होता. "मी फक्त इचारत गेलो अन् फोनमधी टाकत गेलो. मी म्हनलं, बाबाले काहून नाही सांगत हे सगळं? तर बोलली, 'हिंदी में बोलूँ तो बाबा सुनते ही नहीं.'"

ते खरं होतं. रायपुरात वाढलेली पोरं घरातलं मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात. माझ्या घरात ते चालणार नाही असं मी ठरवून टाकलं होतं. ईशा शाळेतून धावत येऊन हिंदीत काही सांगू लागली की मी वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नसे. मराठीत सांग, मग ऐकतो. ती थांबे, शब्द शोधी, एखादा सापडे, एखादा सापडत नसे, आणि गोष्ट तेवढ्यात शिळी होऊन जाई. हळूहळू ती माझ्यापाशी जेवढं मराठीत मावेल तेवढंच आणू लागली: येते, जाते, जेवले, पैसे पाठवू का. मी या मुलीचं मराठी शुद्ध राखलं असं चारचौघांत सांगत आलो. तिच्या लग्नाची मंगलाष्टकं लिहायला बसलो तेव्हाही मी नावांचीच चिठ्ठी पुढ्यात घेतली होती, फक्त या वेळी ती माझ्याच अक्षरात होती. तीस वर्षांत एकाही नवरीला मी काही विचारलं नव्हतं. आणि जिला शब्द सापडत नसत, तिनं अर्धा तास गुणगुणून अठरा अक्षरं बरोबर बसवली होती. उरलेलं एक चुकलं, ते मी साऱ्या गोतावळ्यात दाखवून दिलं.

मी ग्रुपवरचा मजकूर पुसला. पुसल्यावर तिथे, संदेश काढून टाकला आहे, अशी पुसट नोंद राहिली. आणि ती नोंद पाहून ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांनीही एकमेकांना विचारलंच असेल.

यंत्राचा हेवा एव्हाना विरला होता. रीलचाही, त्या हृदयांचाही. त्यांच्या जागी दुसराच हेवा येऊन बसला होता, आणि तो अजूनही गेलेला नाही: त्या दोन तासांचा, ज्यांत एका अडाणी मराठी बोलणाऱ्या माणसानं माझ्या मुलीला नुसतं विचारलं आणि ती सांगत गेली. "अजून लय काही बोलली, मशीनमधी मावलं नाही. सांगू का?" असं दिलीपनं विचारलंही होतं. नको, म्हणालो. त्याच्या तोंडून ते ऐकायची माझी छाती नव्हती.

ऊन खिडकीतून उतरून भिंतीच्या पायथ्याशी गेलं होतं. मी ईशाला फोन लावला. क्षमा मागायची दोन-तीन नीटस वाक्यं जुळवून ठेवली होती. तिचा आवाज आला आणि त्यातलं एकही तोंडाशी आलं नाही.

"जेवलीस का?"

"हाँ बाबा, खा लिया." आणि लगेच, सावरून, "म्हणजे, जेवले."

मी माझ्या ओबडधोबड, कचेरीतल्या हिंदीत विचारलं, "क्या खाया, बेटा?"

फोन तुटला की काय म्हणून मी पडद्याकडे पाहिलं. मग ती सांगू लागली, आधी अडखळत, मग भरभर. भाजी करपल्याचं, नवरा निखिल मुकाट्यानं ती खाऊन उठल्याचं, नव्या घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या कुठल्याशा झाडाचं. मी मध्ये एकदाही बोललो नाही. तिनं फोन ठेवला तेव्हा पडद्यावर अकरा मिनिटं दिसत होती. दिलीपला दोन तास मिळाले होते.