शेंदराखालची आई

देवावर माझा विश्वास उरला नव्हता. पहिलं मूल काही वर्षांपूर्वी तापानं गेलं होतं आणि आता मुलीचाही ताप हटेना. आम्ही धुळ्याला देवपुरात राहत होतो. डॉक्टरांचं औषध चालू होतं. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. पिंपळनेरकडच्या कुलदेवीच्या पायांवर मुलीला घालायचं, असा सासूबाईंनी हट्टच धरला, म्हणून मोटारीनं निघाले. नवस मात्र बोलायचा नाही, असं मनाशी ठरवलं होतं.

देवी म्हणजे शेंदराचा माणसाएवढा गोळा. नाक नाही, तोंड नाही, नुसते चांदीचे दोन डोळे. ती फार कडक, लेकरं मागते, असं लोक दबक्या आवाजात सांगत. भर दुपारची वेळ. पुजारी आबा समोरच्या विहिरीवर गेले होते, सासूबाई ओटीचं सामान आणायला. मी मुलीला देवीच्या पुढ्यात निजवलं. बाहेर पानही हलत नव्हतं. त्या शांततेत कुणीतरी कण्हल्यासारखं ऐकू आलं. मुलीचे ओठ तर मिटलेले. आवाज देवीच्या आतून येत होता.

तेवढ्यात मागून, दारातून, एक बाई म्हणाली, “पोरले उचल व माय. आठे नको निजाडू.”

मुलीला छातीशी घेऊन मी मागे सरले, आणि शेंदराची अख्खी खोळ तडकून मुलगी निजली होती तिथेच कोसळली. धुरळा खाली बसला. आत काळ्या दगडाची मूर्ती होती. खाली झुकलेला शांत चेहरा, आणि मांडीवर दूध पिणारं मूल.

आबा धावत आले. दारात आत्ता कोण बाई आली होती, असं मी विचारलं.

“मी समोरच व्हतू, माय. आठे कोनीच उनं नही.” मग मूर्तीकडे पाहत ते हळूच म्हणाले, “मना आजालेबी हाई ठाऊक नव्हतं.”

पुढे मुलीचा ताप उतरला. औषधानंही उतरला असेल. मी वाद घालत नाही.

गावानं पौर्णिमेला मूर्तीवर पुन्हा शेंदूर चढवला, तेव्हा मी मुलीला घेऊन गेले होते. आधी चेहरा झाकला गेला. काही मागायचं आहे का, असं आबांनी विचारलं. मी नाही म्हटलं आणि हात जोडले. शेवटी शेंदराचा हात मांडीवरच्या मुलावर फिरला, तेव्हा माझं गेलेलं बाळ मी मनोमन तिच्या ओटीत घातलं. इतकी वर्षं ते मी एकटीच सांभाळत होते.