डब्लिनच्या पत्त्यावरचा हलवा

सुरुची आयर्लंडमधल्या मलिंगारला आमच्या मागच्या खोलीत राहायला आली, तेव्हा तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि ही तिची पाचवी जागा होती. नवरा सलील डब्लिनलाच शिकलेला. फेब्रुवारी २०२०मध्ये लग्न, मार्चमध्ये लॉकडाऊन. डब्लिनमधल्या चेरीवूडच्या ज्या नोकरीच्या भरवशावर तिथेच ग्रँड कॅनाल डॉकजवळ भाड्यानं फ्लॅट घेतला, ती रुजू होण्याआधीच गेली. मग कॉर्क, लिमरिक, गॉलवे. मिळेल ते काम, मिळेल ती गादी. तरी दोघं इतकी हसतमुख, की मला कधीकधी रागच यायचा.

पुण्यात सुरुचीच्या आईला यातलं काही माहीत नव्हतं. व्हिडिओ कॉलआधी ती मागे पहिल्या फ्लॅटमधला तोच निळा पडदा टांगायची. आईच्या लेखी लेक अजून डब्लिनच्या फ्लॅटमध्येच होती.

पहिली संक्रांत आली. आईनं, म्हणजे सुनेत्राताईंनी, घरी हलवा करून दागिने ओवले आणि पाठवले. अर्थातच डब्लिनला.

"सांगून टाक की आता," मी म्हटलं.

"नको ताई, तिला बीपी आहे. सगळं ठीक झालं की सांगते."

संक्रांतीला तिनं साधाच फोन लावला. "मिळाले गं. सुंदर झालेत."

"मग घालून दाखव."

"फोन पडलाय, कॅमेरा चालत नाहीये."

नंतर दीड महिना सुनेत्राताई दागिने घालून दाखव म्हणत राहिल्या. मार्चमध्ये अचानक थांबल्या. मग रोज एवढंच, "जेवलात ना? खोलीत ऊब असते ना?"

"सुटले बाई," सुरुची म्हणाली.

एप्रिलमध्ये सुनेत्राताई करोनानं गेल्या. सुरुचीला जाताही आलं नाही. पुढे कपाट आवरताना भावानं, नरेशनं, व्हिडिओ कॉल केला. त्याच्या हातात एक खोकं होतं. डब्लिनचा पत्ता, त्यावर परत पाठवल्याचा शिक्का. "मार्चमध्ये आलं होतं. आईनंच घेतलं. मला म्हणाली, सुरुचीला विचारू नकोस."

आत हार, बाजूबंद, बिंदी, सगळं जसंच्या तसं होतं.

त्या दिवशी मागे पडदा नव्हता, आमची ओल आलेली भिंत होती. सुरुची म्हणाली, "तिला कळलं होतं रे. आणि मी रोज तिला नवीन सोफ्याचं सांगत होते."

सप्टेंबरात सलीलला चांगली नोकरी लागली. बातमी कळताच सुरुचीनं धावत जाऊन टेबलावर फोन उभा केला, केस सारखे केले, आणि मग कोणाला लावायचा ते तिला सुचेना.