स्वेटरचं वजन

संपादकांच्या कार्यालयात बाईंना सगळे ‘चाळणी’ म्हणत, अर्थात पाठीमागे. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पोषणावर संशोधन छापणाऱ्या एका नियतकालिकासाठी त्या गेली अठरा वर्षं शोधनिबंध तपासून देत. लिहिणारा कोण हे तपासणाऱ्याला कळत नसे, तपासणारा कोण हे लिहिणाऱ्याला. वर्षाअखेरीस संपादकांचं आभाराचं पत्र येई, तेवढीच कमाई.

“नाव न सांगता लोकांना झोडायला मिळतं, ते काय कमी आहे?” त्यांची नणंद म्हणे. ती समोरच्याच घरात राही आणि दुपारी सुया-लोकर घेऊन वहिनीच्या टेबलाशी येऊन बसे. एकीचं लाल पेन चाले, दुसरीच्या सुया.

त्या दुपारी मात्र पेन अडलं. निबंध होता बालकेंद्रांतल्या लहान मुलांना सरकारकडून मिळणाऱ्या जेवणावर. सहा महिने रोज जेवूनही मुलांचं वजन अपेक्षेपेक्षा अर्धा किलो कमीच भरलं, सबब योजना निरुपयोगी, असं त्यात ठासून म्हटलं होतं. सोबत संपादकांची चिठ्ठी: ‘योजना बंद करायची का, हे ठरवणारी समिती या निबंधासाठी थांबली आहे. जरा लवकर पाहा.’

बाईंनी आकडे पुन्हा पुन्हा तपासले. सगळे चोख.

“काय वहिनी, शाई संपली का?”

“अगं, आकडे बरोबर आहेत, पण पटत नाहीत. मुलांची वजनं एकदा थंडीत घेतली, एकदा उन्हाळ्यात. मधे पोरं रोज जेवली. मग वाढ गेली कुठे?”

“थंडीत अंगात काय होतं त्यांच्या?”

“म्हणजे?”

“एवढ्याशा स्वेटरला मला पाव किलो लोकर लागते. वर बूट, मोजे, टोपी. उन्हाळ्यात सगळं उतरलं. तुमचा अर्धा किलो तिथे खुंटीला टांगलाय बघा!”

बाईंनी कपाळावर हात मारला आणि झरझर पानं उलटली. वजन कसं घेतलं, याबद्दल एकच ओळ होती: ‘पद्धत संदर्भ क्रमांक सातप्रमाणे.’ शेवटच्या पानावर संदर्भ सात शोधला आणि त्यांचं बोट तिथेच थबकलं.

तो निबंध त्यांचाच होता. वीस वर्षांपूर्वीचा, बढती मिळवून देणारा, चौकटीत बसून समोरच्या भिंतीवर लटकलेला. त्यांनी पहिलं वजन उन्हाळ्यात घेतलं होतं, दुसरं थंडीत. मुलं छान अर्धा किलो जास्त भरली होती. वजन घ्यायच्या त्या गार खोलीत आपणच म्हणालो होतो, हेही त्यांना लख्ख आठवलं: “कशाला लेकरांना कुडकुडवता? राहू देत स्वेटर.”

“मग नुसतं स्वेटरचं लिहा ना,” नणंद हळूच म्हणाली. “सात नंबर कोण बघतंय?”

“मी बघतेय ना!”

बाईंनी शेरा लिहिला: संदर्भ सातची पद्धतच सदोष आहे, त्या लेखिकेनं कपड्यांचा विचार केलेला नाही, मुलांची वजनं पातळ कपड्यांत पुन्हा घ्यावीत, तोवर कोणताही निष्कर्ष काढू नये. मग दुसरं पत्र, स्वतःच्या सहीचं, आपला निबंध छापणाऱ्या मासिकाला: माझी चूक झाली, कृपया तसं प्रसिद्ध करावं. पाकीट चिकटवून त्यांनी भिंतीवरची चौकट उतरवली. नणंदेनं खिळाही काढला.

समितीनं निर्णय पुढे ढकलला. केंद्रांतली जेवणं चालू राहिली.

महिन्याभरानं संपादकांकडून त्या निनावी लेखकाचं उत्तर आलं. बाईंनी ते नणंदेला मोठ्यानं वाचून दाखवलं:

“‘वजनं नव्यानं घेत आहोत, खोली आधी उबदार करून. मात्र संदर्भ सातच्या लेखिकेबद्दल तपासनिसांनी वापरलेली भाषा फार कठोर वाटली. या विषयात त्यांना मोठा मान आहे. त्यांच्याबद्दल थोडा आदर बाळगावा, ही विनंती.’”

नणंदेच्या हसण्यानं सुईवरचे चार टाके सुटले.